कानशीचा इंजिनिअर : वॉल्टर काडेन

माझ्या रूमवर टेबलावर एक सिलिंडर ब्लॉक ठेवलाय. आरएक्स १०० चा. त्यात पेनं, स्केल, एक तुटका कंपास असं सगळं उभं राहतं. रूमवर येणारा प्रत्येक जण त्याला हात लावून बघतो आणि विचारतो की हे काय प्रकरण आहे. आतापर्यंत मी काहीतरी थापा मारून वेळ मारून नेली. आज खरं सांगतो, कारण त्याशिवाय वॉल्टर काडेन या माणसाची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगता येणार नाही.

एस.ई.ला असताना मामाची जुनी गाडी माझ्याकडे आली. गाडी चांगली पळत होती. पण चांगली पळणारी गाडी आणखी पळवायची हा किडा मेकच्या पोरांना चावतोच. पोर्टिंग करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. पिस्टन खाली गेला की खिडकी उघडते, वर आला की बंद होते. म्हणजे खिडकीची कड घासून थोडी वर नेली की ती लवकर उघडणार आणि उशिरा मिटणार. कॅमशाफ्ट बदलायला लाख भानगडी, इथं एक गोल कानस पुरते. एवढं स्वस्त आणि एवढं मोहात पाडणारं काम इंजिनात दुसरं नसेल.

मी दिवाळीच्या सुट्टीत एक हँड ग्राइंडर उसना आणला आणि एक्झॉस्ट पोर्ट तीन मिलिमीटर वर नेला. तीनच का, तर दोन कमी वाटले आणि चार जास्त! जाता जाता रुंदीही वाढवली. कडा मारायच्या असतात हे ऐकलं होतं, पण गडबडीत राहून गेलं. गाडी चालू झाली. खालच्या आरपीएमला मेल्यासारखी, वर गेल्यावर नुसती बोंबलणारी. चाळीसेक किलोमीटरवर पिस्टनची रिंग पोर्टच्या धारदार कडेत अडकली आणि खेळ खलास. मिस्त्रींनी ब्लॉक हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि एकच विचारलं, की किती डिग्री नेलीस. मला डिग्री माहीत नव्हती. मी मिलिमीटरमध्ये घासलं होतं.

नंतर बसून हिशोब केला. आरएक्सचा बोअर ५० आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर. क्रँक साधारण काटकोनात असताना एक अंशाला पिस्टन ०.४४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पोर्ट एक मिलिमीटर वर गेला की उघडताना सव्वादोन आणि मिटताना सव्वादोन, असे साडेचार अंश वाढतात. मी चौदाएक अंश वाढवले होते आणि सायलेन्सर मात्र कंपनीचाच ठेवला होता. त्या सायलेन्सरला माझ्या या उद्योगाची काही कल्पनाच नव्हती. त्याचा आणि पोर्टचा संबंध काय, हे शोधताना सगळे रस्ते एकाच माणसापाशी जाऊन थांबत होते. त्याची ही गोष्ट.

वॉल्टर काडेनचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या पोबरशाऊ या डोंगरातल्या गावचा. जवळच झ्शोपाऊ नावाचं गाव आहे. तिथं रासमुसेन नावाच्या डॅनिश माणसानं डीकेडब्ल्यू कंपनी काढली होती आणि १९२० च्या दशकाअखेर ती जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी झाली होती. सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. काडेनचे वडील कंपनीच्या सेल्स मॅनेजरचे ड्रायव्हर. १९२७ मध्ये न्यूरबुर्गरिंगचा ट्रॅक सुरू झाला, तेव्हा हे सात-आठ वर्षांचं पोरगं तिथं हजर होतं. पुढे केम्निट्झच्या टेक्निकल अकादमीत शिक्षण. विसाव्या वाढदिवशी, १ सप्टेंबर १९३९ ला, हिटलरनं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. वाढदिवस असा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता जी गोष्ट येते ती मला पटकन उरकता आली असती, बरेच लोक उरकतातही. १९४० मध्ये काडेन हेन्शेल या विमान कंपनीत लागला आणि प्राध्यापक हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली एचएस २९३ या रेडिओनं वळवता येणाऱ्या, रॉकेट लावलेल्या बॉम्बवर काम करू लागला. बऱ्याच ठिकाणी तो व्ही-१ किंवा व्ही-२ बनवणाऱ्यांपैकी होता असं छापलेलं असतं, ते चूक आहे. पण १९४३ पासून तो पेनेम्युंडेला होता हे खरं. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले, आणि मग तिथलं काम नॉर्डहाऊझेनजवळ डोंगराच्या पोटात खोदलेल्या मिटेलवेर्क या कारखान्यात हलवलं गेलं. त्या बोगद्यांत काम करायला छळछावणीतले कैदी होते. साधारण ६०,००० कैदी त्या छावणीतून गेले आणि त्यातले वीसेक हजार मेले. काडेन तेव्हा पंचविशीतला इंजिनिअर. त्याच्या हातात सत्ता नव्हती हे कबूल, पण तो बोगदा त्याच्या आयुष्यातून वगळून नुसता गाड्यांचा जादूगार म्हणून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. पुढचं वाचताना हेही लक्षात असू द्यावं.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकनांनी त्याला पकडून ठेवलं. सुटल्यावर तो झ्शोपाऊला परतला. रॉकेटवाला मोठा पगार मिळवायला अमेरिकेला गेला असेल असं वाटतं ना? त्यानं लाकडाचा धंदा काढला! बॉम्बनी गावोगावची छपरं उडवली होती, त्यामुळे छपराच्या लाकडी कैच्यांना मागणी होती. कैच्या बनवायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी एक डीकेडब्ल्यू आरटी १२५ घासत बसायचं. त्याच गाडीवर तो जवळपासच्या शर्यतीत स्वतः उतरायचा.

या आरटी १२५ बद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. १९३९ ची ही साधी, हलकी गाडी. युद्धानंतर तिचं डिझाइन जिंकणाऱ्यांनी नुकसानभरपाई म्हणून उचललं. इंग्लंडमध्ये ती बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेनं तिच्यावरून छोटी गाडी काढली, रशियात मॉस्क्वा निघाली. आणि १९५५ मध्ये जपानमधल्या यामाहानं आपली पहिलीवहिली मोटरसायकल, वायए-१, हिच्याच धर्तीवर बनवली. म्हणजे आमच्या पार्किंगमधल्या आरएक्सची पणजी शोधत गेलात तर ती झ्शोपाऊला सापडते.

झ्शोपाऊ आता पूर्व जर्मनीत आलं होतं. कारखाना सरकारी झाला, नाव आधी आयएफए आणि १९५६ पासून एमझेड. १९५३ मध्ये या कारखान्यानं काडेनला बोलावून रेसिंगचा विभाग त्याच्याकडे दिला. पैसा नाही, चांगलं स्टील नाही, चांगले बेअरिंग आणि प्लग मिळायची मारामार. समोर इटलीच्या एमव्ही आगुस्तासारखे फोर-स्ट्रोकवाले. त्या काळात टू-स्ट्रोक म्हणजे पोस्टमनची नाहीतर दूधवाल्याची गाडी, असंच रेसिंगवाले धरून चालायचे. इंजिनात आलेलं निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, तर त्यातून रेसिंग कसलं?

तक्रार खरी होती. टू-स्ट्रोकमध्ये एकाच वेळी जळलेला गॅस बाहेर जात असतो आणि ताजं मिश्रण आत येत असतं. दोन्ही खिडक्या उघड्या. ताज्या पाहुण्यांपैकी बरेच जण मागच्या दारानं निघून जातात. पोर्ट मोठा केला की जास्त गॅस जातो, पण जास्त ताजं मिश्रणही जातं. माझ्या ब्लॉकचं नेमकं हेच झालं होतं.

काडेननं तीन ठिकाणी हात घातला. तिन्ही कल्पना सगळ्याच्या सगळ्या त्याच्या नव्हत्या आणि हे आवर्जून सांगायला हवं. पहिली, इनटेकला फिरणारी चकती, म्हणजे रोटरी डिस्क व्हॉल्व्ह. नेहमीच्या इंजिनात इनटेकची खिडकीही पिस्टनच उघडतो, त्यामुळे ती टीडीसीच्या आधी जितके अंश उघडी, तितकेच अंश नंतर उघडी राहते आणि आत घेतलेलं परत कार्ब्युरेटरकडे थुंकलं जातं. क्रँकला एक पातळ चकती लावून तिच्यात खाच कापली की उघडणं आणि मिटणं हवं तसं वेगवेगळं ठेवता येतं. हे डॅनियल झिमरमन नावाच्या एका खासगी ट्यूनरनं आपल्या गाडीत आधी केलं होतं. त्याची गाडी कारखान्याच्या गाड्यांना मागे टाकू लागली तेव्हा काडेननं नाक मुरडलं नाही, सरळ ती पद्धत घेतली. बोअर आणि स्ट्रोक ५४ बाय ५४ हेसुद्धा त्याच काळातलं.

दुसरी, एक्झॉस्ट. इथं काडेनचं खरं डोकं दिसतं. पोटाशी फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा पाइप, आपण ज्याला एक्सपान्शन चेंबर म्हणतो, तो पश्चिम जर्मनीतल्या डीकेडब्ल्यूच्या एरिक वुल्फनं १९५१ मध्ये रेसिंगला वापरला होता. तो का चालतो आणि कसा कापायचा, हे काडेननं खणून काढलं.

विहिरीत वाकून ओरडलं की आवाज परत येतो, तसंच समजा. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपमध्ये सुटते. पाइप जिथं रुंद होत जातो तिथून ती उलटी होऊन परतते, म्हणजे ओढणारी लाट बनून. ती सिलिंडरमधला जळका गॅस खेचते आणि ट्रान्सफर पोर्टमधून ताजं मिश्रणही ओढून घेते. ओढता ओढता थोडं ताजं मिश्रण पाइपमध्ये येतंच. तेवढ्यात मूळ लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटते आणि या वेळी ढकलणारी बनून परत येते. पोर्ट मिटायच्या अगदी थोडं आधी ती पोचली, तर बाहेर पडलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. मागच्या दारानं निघालेल्या पाहुण्याला हाताला धरून परत पंगतीत बसवायचं, असा हा प्रकार. तेही एकही हलणारा पार्ट न लावता.

सगळा खेळ वेळेचा. १०,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ६ मिलिसेकंदांत होतो. एक्झॉस्ट १९० अंश उघडा असेल तर हातात जेमतेम ३.२ मिलिसेकंद. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर तेवढ्यात लाट १.६ मीटर जाते. जाऊन यायचं म्हटलं तर पाइपची लांबी ८० सेंटिमीटर. कॅलक्युलेटरही लागत नाही. पोर्ट वर नेला की अंश बदलले, अंश बदलले की मिलिसेकंद बदलले, की पाइपही बदलायला हवा. हे एवढंसं मला कानस हातात घ्यायच्या आधी कळलं असतं तर आज माझी पेनं एखाद्या डब्यात असती.

काडेन या लाटा ऑसिलोस्कोपवर बघायचा. आपण लॅबमध्ये साइन वेव्ह दिसली की जर्नलात उतरवून पळतो, तेच यंत्र. १९५० च्या दशकात मोटरसायकलचा सायलेन्सर ऑसिलोस्कोपनं तपासायचं हे दुसऱ्या कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं. मला वाटतं लाटा आणि दाब यांच्याकडे बघायची नजर त्याला विमान कंपनीत मिळाली असावी, पण हा माझा अंदाज.

तिसरी, तिसरा ट्रान्सफर पोर्ट. दोन बाजूंना दोन ट्रान्सफर आधीपासून होतेच. जास्त ताकद काढायला लागल्यावर पिस्टनचा माथा आणि वरचं बेअरिंग जळायला लागलं. १९५७ च्या सुमारास काडेननं एक्झॉस्टच्या बरोबर समोर तिसरी खिडकी काढली आणि पिस्टनलाच भोक पाडून तिथून मिश्रण वर नेलं. थंड मिश्रण आणि त्यातलं ऑइल पिस्टनच्या पोटाखालून जाऊ लागलं. पिस्टन वाचला आणि सिलिंडरही जास्त भरू लागला. दुखणं बरं करायला गेला आणि ताकदही वाढली. पुढे निघालेल्या अनेक टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टसमोरचा बूस्ट पोर्ट दिसतो, तो तिथून आलेला.

निकाल यायला लागले. १९५८ मध्ये होर्स्ट फ्यूग्नरनं स्वीडनची २५० सीसी शर्यत जिंकली. १९५९ मध्ये एर्न्स्ट डेग्नरनं मोंझाला, इटालियन लोकांच्या अंगणात, १२५ ची शर्यत मारली आणि ऱ्होडेशियाहून आलेल्या गॅरी हॉकिंगनं २५० च्या दोन. एमव्हीनं लगेच हॉकिंगला जास्त पैसे देऊन उचललं. काडेनकडे द्यायला पैसे नव्हतेच. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन १०,८०० आरपीएमला २५ हॉर्सपॉवर देऊ लागलं. लिटरला २०० हॉर्सपॉवर. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. असं करणारं ते जगातलं पहिलं इंजिन. तुलनेला आपली आरएक्स घ्या, ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, आणि तिचं आपल्याला किती कौतुक!

१९६१ साल मात्र वाईट निघालं. त्या वर्षी एर्न्स्ट डेग्नर १२५ च्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे होता. डेग्नर नुसता रायडर नव्हता, स्वतः चांगला इंजिनिअर, काडेनच्या इंजिनातली प्रत्येक खिडकी त्याला पाठ. १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. जिंकला असता तर डेग्नर जगज्जेता आणि काडेनची आठ वर्षांची मेहनत फळाला. इंजिन सुरुवातीच्याच फेऱ्यांत गेलं. त्यानंतर डेग्नर परत संघाकडे आलाच नाही. डेन्मार्कमार्गे तो पश्चिम जर्मनीत पोचला. त्याची बायको आणि दोन लहान मुलं गाडीच्या डिकीत लपून सीमेपार झाली होती.

पळून जायचं आधीपासून सुझुकीशी ठरलं होतं. सुझुकीच्या गाड्या तोवर ग्रां प्रीमध्ये कुठेतरी मागे असायच्या. डेग्नर त्या हिवाळ्यात हमामात्सुला बसला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेता झाला. टू-स्ट्रोकचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. १९६१ चं १२५ चं विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला गेलं.

यात डेग्नरला चोर म्हणावं का, यावर आमच्या रूममध्ये दोन रात्री वाद झाला. माझा रूम पार्टनर म्हणतो की ज्या देशात राहायचं नाही तिथून निघायला माणूस काहीही करेल, आणि डोक्यात असलेली गोष्ट चोरीची कशी होईल. मला ते अर्धंच पटतं. डेग्नर गेल्यावर मागे काडेन राहिला आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, स्टासीची, चौकशी त्याच्या मागे लागली. परदेशी ट्रॅकवर तोही जात होता, त्यालाही पळता आलं असतं. तो झ्शोपाऊतच राहिला. डेग्नरचंही पुढे चांगलं झालं नाही. १९६३ मध्ये सुझुका ट्रॅकवर तो भयंकर भाजला आणि १९८३ मध्ये टेनेरिफ बेटावर वारला. सुझुकाच्या एका वळणाला अजून त्याचं नाव आहे, फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी ऐकलं असेल. काडेनच्या नावाचं वळण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

काडेन थांबला नाही. १९६३ मध्ये माइक हेलवूडनं झाक्सेनरिंगला, काडेनच्या घराजवळच्या ट्रॅकवर, एमझेडची २५० चालवून शर्यत जिंकली. १९६४ मध्ये ॲलन शेफर्डनं अमेरिकेत डेटोनाला जिंकली. पण जपानी कंपन्यांचे पैसे आणि माणसं यांच्यापुढे झ्शोपाऊची छोटी वर्कशॉप किती पुरणार? काडेनच्याच कल्पना अंगावर चालून येत होत्या, तेही चांगल्या स्टीलमध्ये. १९५५ ते १९७६ या काळात त्याच्या इंजिनांनी १३ ग्रां प्री जिंकल्या आणि १०५ वेळा पहिल्या तिनात आली. जागतिक विजेतेपद एकही नाही. आणि त्याच वेळी, १९७५ मध्ये आगोस्तिनीनं यामाहावर ५०० सीसीचं विजेतेपद घेतलं, तिथपासून २००१ पर्यंत त्या वर्गात दर वर्षी टू-स्ट्रोकच जिंकली. त्या प्रत्येक गाडीला पोटफुगा पाइप होता.

भिंत पडलेली काडेननं पाहिली. ३ मार्च १९९६ ला तो गेला, वय ७६. त्याच वर्षी भारतात आरएक्स १०० बनायची बंद झाली. या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला आपलं लक्षात राहिलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर नवीन ब्लॉक आणलाय. या वेळी आधी कागदावर डिग्रीचं चक्र छापून कार्डबोर्डला चिकटवलं आणि क्रँकला लावून कंपनीचे मूळ आकडे लिहून काढले. एक्झॉस्ट, ट्रान्सफर, सगळे. जुन्या ब्लॉकवरच कडा मारायचा सराव करतोय, वर्कशॉपच्या सरांनी बारीक गोल कानस दिलीय. पोर्टची रुंदी बोअरच्या सत्तर टक्क्यांच्या वर न्यायची नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्याहूनही बरीच कमी ठेवायची, हे आता पाठ झालंय. काम पार्किंगच्या मागे चालतं, रात्री दहाच्या आत. रेक्टर सरांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच सांगतो, की गाडी अजून चालू केलेली नाही. मिलिमीटरचा पाव भागच घासायचाय आणि सबमिशन झाल्याशिवाय ब्लॉक चढवायचा नाही असं रूम पार्टनरला कबूल केलंय. पेनस्टँड तेवढा मोकळा करावा लागला. पेनं सध्या मेसच्या ग्लासात आहेत.